टेबल उघडताना गुडघे सांभाळा

करावे गावात गाडी शिरते ती कान पाडून. पाम बीच मार्गावरून ऐटीत आलेली चारचाकी गल्लीच्या तोंडाशी थबकते, दोन्ही बाजूंचे आरसे मिटून घेते आणि फोटोसाठी पोट आत ओढलेल्या माणसासारखी पुढे सरकते. एका अंगाला कुणाच्या ओट्यावर सुकत घातलेला जवळा, दुसऱ्या अंगाला चौमजली इमारतीचा जिना, मधे मी. बावीस वर्षं इथं राहतोय आणि अजून एकही आरसा फुटलेला नाही, हे माझ्या नावावर जमा असलेलं एकमेव हस्तकौशल्य. याहून जास्त काही हातात नाही, हे मी वेळीच ओळखायला हवं होतं.

जागा कमी पडली की माणूस घडी घालायला शिकतो. आमच्या वन बीएचकेत जे जे उघडतं ते ते मिटतंही. सोफ्याचा पलंग होतो, पण त्याआधी टीपॉय स्वयंपाकघरात जातो आणि स्वयंपाकघरातली पिठाची टाकी बाल्कनीत. कपडे वाळवायचा स्टँड मिटतो, इस्त्रीचं टेबल मिटतं. जेवणाचं टेबल भिंतीला बिजागऱ्यांवर आहे. ते उघडलं की फ्रीज उघडत नाही, म्हणून ते मिटलेलंच असतं आणि आम्ही खाली बसून जेवतो. एवढ्या अनुभवानंतर मिटणाऱ्या टेबलाचा सोस माणसाला पुन्हा लागू नये. मला लागला, आणि तोही गाडीत.

गाडी म्हणजे सरकत्या दाराची व्हॅन, दुसऱ्या हाताची. या जातीच्या गाड्यांबद्दल आपल्याकडे पूर्वग्रह आहे. 1984 साली मारुतीची व्हॅन आली, पुढे तिला सगळे ऑम्नी म्हणू लागले, आणि हिंदी सिनेमानं तिचं सरकतं दार बघितलं मात्र, नायकाच्या बहिणीला पळवायला दुसरी गाडी कुणी वापरेना. 2019 साली ऑम्नी बंद झाली, पण आमच्या व्हॅनचं दार खर्रकन सरकलं की गल्लीतली पोरं अजूनही दोन पावलं मागे होतात. आत मात्र भरपूर जागा. अशा जागेकडे बघून काही माणसांना सामान भरावंसं वाटतं. मला फर्निचर करावंसं वाटलं.

याला कारण वडखळ. मे महिन्यात महाडकडच्या एका लग्नाला निघालो होतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. आमचा मुलगाही त्याच सालचा. तो आता दहावीत आहे आणि दोघांच्याही बाबतीत विचारणाऱ्याला आम्ही ‘चाललंय’ एवढंच सांगतो. तर वडखळच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली. दीड वाजला. पुढच्या ट्रकचा चालक खाली उतरून लुंगी नीट करू लागला, यावरून मुक्काम लांबणार हे सगळ्यांनी ओळखलं. आईनं डबा काढला.

गाडीत मांडीवर जेवणं ही कसरत आहे. दोन्ही गुडघे जोडून ताटली ठेवायची. डाव्या हातात पाण्याची बाटली, कारण ती ठेवायला जागा नाही. उजव्या हातानं खायचं. लोणच्याची बरणी उघडायला तिसरा हात शेजारच्याचा. शेजारच्याचे दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे त्यानं आपली बाटली बगलेत मारायची आणि मग बरणी धरायची. ही सगळी रचना जमून आली आणि नेमकी पुढची रांग हलली. मी क्लच सोडला. मागून दहीभाताचा आवाज आला. दहीभाताला आवाज नसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो सीटच्या कापडावर पडताना ऐकलेला नाही.

“एखादं टेबल असतं तर बरं झालं असतं,” ही म्हणाली.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत हिची कुठलीही मागणी सूचनेच्या रूपात येते आणि माझ्याकडून ती न ऐकल्याच्या रूपात ऐकली जाते. या वेळी मात्र मी ऐकलं. पुढचे तीन महिने ती दर आठवड्याला सांगत होती की ते आपण सहज म्हणालो होतो.

खरं सांगायचं तर प्रवासात टेबल लागतं असं आपल्या लोकांना कधी वाटलेलंच नाही. मांडी होती. मुंबईच्या लोकलमध्ये पिढ्यान् पिढ्या रमीचे डाव समोरासमोर बसलेल्या चौघांच्या आठ गुडघ्यांवर आडव्या टाकलेल्या ब्रीफकेसवर रंगले. पाठीवरच्या सॅका आल्या आणि हे फर्निचर बुडालं, कारण सॅकला सपाट अंगच नसतं. बायकांच्या डब्यात मांडीवर मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, आणि घरी पोचेपर्यंत भाजी फोडणीच्या लायकीची झालेली असते. टेबलाचा थाट एकट्या डेक्कन क्वीनचा. 1 जून 1930 ला सुरू झालेली ही गाडी आपली डायनिंग कार आजवर मिरवते. 2022 साली तिला नवे डबे लागले, तेव्हाही चाळीस जणांना टेबलाशी बसून खाता येईल असा खानपानाचा डबा सोबत आला. पुण्याचा माणूस टेबलाशी बसून कटलेट खात घाट उतरतो आणि आपण वडखळला बाटली बगलेत मारून लोणचं शोधतो, हा प्रादेशिक असमतोल मला त्या दुपारी फार बोचला.

शिवाय काळही अनुकूल होता. 2021 साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. सोफा-कम-बेड, छोटं स्वयंपाकघर, शौचालय असं सगळं गाडीतच. मी ते हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे आपलंच घर, चाकांवर. त्यात तरी फ्रीज उघडतो का?”

मी कामाला लागलो. वॉशिंग मशीनचा खोका माळ्यावर होता. आपल्याकडे खोके टाकत नाहीत, वॉरंटी संपते पण खोका राहतो. तो कापून पुठ्ठ्याचं टेबल केलं. बेत असा की ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पाठीला एक फळी टांगायची, तिला खालच्या बाजूनं बिजागरीवर दुसरी फळी, आणि गरज पडली की ती उचलून आडवी करायची. रिकाम्या गाडीत पुठ्ठा झकास उघडला, झकास मिटला. मी वर जाऊन आईला आणि मुलाला घेऊन आलो. दोघांना मागे बसवलं. पुठ्ठा उचलला. तो आईच्या गुडघ्यांना जाऊन भिडला आणि थांबला.

“बाबा, फळी चौदा इंच म्हणजे कडेचा बिंदू चौदा इंच त्रिज्येचं वर्तुळ काढत येणार,” मुलगा म्हणाला. “आजीचे गुडघे त्या वर्तुळाच्या आत आहेत.”

दहावीच्या भूमितीचा घराला झालेला हा पहिला उपयोग, आणि तो माझ्याविरुद्ध. पण मुद्दा बिनतोड होता. मिटणाऱ्या टेबलाला दोन जागा लागतात असं मी धरून चाललो होतो, एक उघडल्यावरची आणि एक मिटल्यावरची. खरं तर तिसरीच जागा सगळ्यात मोठी असते. ती उघडतानाची. आमच्या भिंतीवरच्या टेबलाच्या आणि फ्रीजच्या भांडणाचं मूळ मला त्या दिवशी गाडीत बसून कळलं. विमानातलं टेबल वरून खाली का येतं, तेही कळलं. वरून येणारी फळी गुडघ्यांना शिवत नाही. माणसाच्या तोंडासमोरून जाते खरी, पण तोंड मागे घेता येतं. गुडघे कुठं नेणार?

तेव्हा बिजागरी खाली ठेवून फळी वर दुमडायची असं ठरलं. पुठ्ठ्याची दुसरी आवृत्ती निघाली. नंतर तिसरी. खोका संपल्यावर मी शेजाऱ्यांच्या टीव्हीचा मागितला. त्यांनी दिला, पण परत मागून घेईन असं बजावून.

आमच्या इमारतीच्या ओट्यावर दुपारनंतर एक आप्पा बसलेले असतात. गावचे जुने कोळी, उभी हयात खाडीत गेली. मी पुठ्ठा घेऊन तिसऱ्यांदा समोरून गेलो तेव्हा त्यांनी थांबवलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “होरीन कुठं टेबल असतं? मांडी घालाची न जेवाचा.” मी म्हटलं, आप्पा, गाडीत मांडी घालता येत नाही. त्यावर त्यांनी गाडीकडे असं बघितलं की वाहन म्हणून ती त्यांच्या मनातून उतरली हे लगेच समजलं.

खरी मदत दुसऱ्या दर्यावर्दीनं केली. आमच्या करावे गावाच्या हद्दीत एक जहाज आहे, आणि ते जमिनीवर उभं आहे. टी. एस. चाणक्य म्हणजे ट्रेनिंग शिप चाणक्य. व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणाऱ्या संस्थांची ही परंपरा. 1927 साली डफरिन, 1972 साली राजेंद्र, ही दोन्ही पाण्यावरची जहाजं, आणि 1993 साली चाणक्य. या वेळी जहाज म्हणून इमारतच बांधली, नाव मात्र जहाजाचंच ठेवलं. करावेकरांना याचं नवल वाटत नाही, कारण ‘सी व्ह्यू’ नावाच्या इमारतीतून समोरच्या इमारतीचा संडासाचा पाइप बघायची आम्हाला सवय आहे. तर या परिसरात निवृत्त जहाजी मंडळी बरीच. त्यातले एक, ऐंशीच्या सुमारास राजेंद्रवर शिकलेले, सकाळी खाडीच्या बाजूला फिरायला येतात. आम्ही त्यांना कॅप्टन म्हणतो. ते कुठल्या हुद्द्यावरून निवृत्त झाले हे कुणी विचारलेलं नाही.

“टेबलाला काठ किती ठेवलाय?” त्यांचा पहिला प्रश्न.

मी म्हटलं, काठ नाही. सपाट आहे.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं बहुधा खलाशी रडतात. मग चालता चालता शिकवणी झाली. जहाजावरच्या टेबलांना कडेनं उभी पट्टी असते, तिला फिडल म्हणतात. जहाज कललं की ताटल्या तिथं अडतात. समुद्र फार खवळला तर आचारी टेबलावरचं कापड सरळ पाण्यानं ओलं करून पसरतो. ओल्या कापडावर ताटली सरकत नाही. “तुमच्या त्या वडखळच्या रस्त्यावर,” कॅप्टन म्हणाले, “मी ओलं कापड आणि फिडल दोन्ही घेतलं असतं. आणि प्लाय मरीनच घ्या.”

प्लायच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मरीन प्लायचा तुकडा पुढे केला, त्यावरचा आयएस 710 चा शिक्का दाखवला आणि म्हणाला, “हा बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात.” आमच्या कुटुंबात इतका वेळ उकळण्याची पात्रता असलेलं दुसरं कुणी नाही, म्हणून तोच घेतला. 12 मिलिमीटर जाडीचा. 18 मिलिमीटरचा मजबूत वाटत होता, पण आठ बाय चारची ती अख्खी शीट पस्तीसेक किलो भरते. माझ्या टेबलाला एवढासाच तुकडा लागणार असला तरी सीटच्या पाठीवर दर ग्रॅम लटकणार होता.

आता मिस्त्री.

नवी मुंबईत सुतार हा शब्द जवळजवळ निवृत्त झालाय, मिस्त्री म्हणतात. आमचे मिस्त्री राजस्थानचे, इथं वीस वर्षं, मराठी सगळी समजते पण हिशेब हिंदीत. कानावर पेन्सिल, कमरेला टेप, तोंडात खिळे. त्यांना मी मापांचा कागद दिला. तीन रात्री जागून काढलेला, तीन बाजूंनी दिसणारा, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा धरला, मग त्याच्यावर चहाचा ग्लास ठेवला.

“ये तीन सौ छप्पन क्या है?”

“फळीची रुंदी. 356 मिलिमीटर.”

“चौदह इंच,” ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही, 356. त्यांनी टेप ओढली, दोन्ही बाजू माझ्यासमोर धरल्या. चौदा इंच म्हणजे 355.6 मिलिमीटर. माझं तीन रात्रींचं गणित आणि त्यांची एक नजर यांत 0.4 मिलिमीटरचा फरक होता, आणि तेवढाही माझ्या बाजूनं चुकलेला.

मिस्त्री लोकांचं माप सुतात असतं. एका इंचात आठ सूत. सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी, असं एक सूत. शाळेत आपण मेट्रिक पद्धत शिकलो, देशानंही ती स्वीकारून कित्येक दशकं झाली, पण दाराची चौकट, किचनचा ओटा आणि माणसाचा अंदाज अजून सुतातच बसतो. मिस्त्रींच्या बोलण्यात अर्धा सूतही असतो. “साहब, आधा सूत का फरक है, दिखेगा नहीं” हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की त्या अर्ध्या अर्ध्या सुतांची बेरीज केली असती तर दुसरं टेबल निघालं असतं. पण एक कबूल करतो. फरक खरोखर दिसला नाही. जिथं जिथं फरक दिसला ती सगळी मापं माझी होती.

काठाची पट्टी लावा म्हटल्यावर मिस्त्री अडले. त्यांच्या दृष्टीनं टेबलाला काठ म्हणजे ट्रे. “साहब, टेबल बनाना है कि ट्रे?” मी जहाजाची गोष्ट सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. वाळवंटातल्या गावाहून आलेल्या माणसाला खवळलेल्या समुद्राचं वर्णन करताना माझेच शब्द मला पातळ वाटू लागले. शेवटी ते म्हणाले, “हो जाएगा.”

या दोन शब्दांत काय काय मावतं याचा अभ्यास व्हायला हवा. हो जाएगा म्हणजे जमेल. हो जाएगा म्हणजे उद्या नाही. हो जाएगा म्हणजे तुम्ही आता घरी जा. आमचं टेबल गुरुवारी हो जाएगा होतं, ते पुढच्या मंगळवारच्या पलीकडच्या शनिवारी झालं. मधल्या काळात मिस्त्रींना कुणाच्या तरी गृहप्रवेशाचं कपाट निघालं, मग फेविकॉल सुकायला पावसाळी हवेनं वेळ घेतला, मग पियानो बिजागरी आणायची राहिली. पियानो बिजागरी म्हणजे लांबच लांब, अखंड पट्टीसारखी बिजागरी. तिच्यातली सळई मिस्त्रींनी ओढून निघेल अशी मोकळी ठेवली. मी विचारलं, कशाला? “धोने के लिए,” ते म्हणाले. “भाभीजी फळी काढून नळाखाली धुतील.” वापरणारा माणूस कोण आहे याचा विचार माझ्या तीन बाजूंच्या कागदात कुठल्याच बाजूला नव्हता.

यादरम्यान गल्लीत कायदा जागा झाला. आमच्या कोपऱ्यावरच्या एका अभ्यासू गृहस्थांनी मला गाठलं. गाडीच्या रचनेत बदल करायचा नाही, मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. सीट काढली तर आसनसंख्या बदलते, ती आरसी बुकात लिहिलेली असते, मग आरटीओत जा. मी म्हटलं, मी फक्त टेबल लावतोय. ते म्हणाले, सुरुवात टेबलानंच होते. त्यांच्या बोलण्यातला सूर असा होता की आज टेबल, उद्या मिनीबार, परवा नाचगाणं. तरी मी धसका घेतलाच. सीट काढायची नाही, भोक पाडायचं नाही, वेल्डिंग नाही, असं ठरवलं. हेडरेस्टच्या दोन लोखंडी दांड्या सीटच्या पाठीतून वर आलेल्या असतात, त्यांनाच क्लँपनं टेबल टांगायचं. काढलं की गाडी जशीच्या तशी.

आणखी एक नियम मी स्वतःला घातला. विमान उडताना आणि उतरताना हवाई सुंदरी टेबलं मिटवायला लावते, ती उगाच नाही. ताशी साठनं जाणाऱ्या गाडीत करकचून ब्रेक लागला तर माणूस त्याच वेगानं पुढे जातो आणि समोर छातीशी कडक प्लायची धार असेल तर ती त्याची वाट बघत असते. म्हणून कोपरे गोल केले, कडेला रबर लावलं आणि चालत्या गाडीत टेबल उघडायचं नाही असं घरात जाहीर केलं.

“मग उपयोग काय?” हिनं विचारलं.

“गाडी थांबल्यावर.”

“थांबल्यावर आपण खाली उतरून हॉटेलात जेवू की.”

यावर उत्तर नव्हतं. वडखळ होतं.

बसवायचा दिवस रविवार होता. अर्धी गल्ली छत्र्या घेऊन हजर. मिस्त्रींनी क्लँप आवळले, फळी वरून खाली आणली, दोन्ही बाजूंचे घडीचे ब्रॅकेट टक् करून बसले. लाकडी रंगाचा सनमाइका, इंचभर काठ, गोल कोपरे. मिस्त्रींनी वर पाण्याचा ग्लास ठेवला. पाणी समपातळीत. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी ओट्यावरून मान हलवली, ती होकारार्थी होती की माशा वारत होते ते कळलं नाही. सगळं मिळून वजन साडेचार किलो भरलं. खर्चाचा आकडा मी इथं देत नाही, कारण हा लेख घरातही वाचला जाईल.

पहिली चाचणी खाडीकाठी. जुलै, पाऊस, फ्लेमिंगो मेअखेरीस कधीच कच्छकडे गेलेले. पाणथळीवर दोन बगळे आणि आम्ही चौघं. टेबल उघडलं, ओलं कापड पसरलं, चहा, भजी, चटणीची वाटी. काही मिनिटं मी आयुष्यात कधी नव्हे इतका सुखी होतो. पुढे बसलेली ही वळून वळून भजी घेत होती. मग तिची मान दुखायला लागली. तिनं सीटचा खटका ओढला आणि पाठ जरा मागे टेकली.

टेबल सीटच्या पाठीला लटकलेलं. पाठ मागे गेली की टेबलाची मोकळी कड खाली जाते. चहा हळूहळू आईकडे निघाला. कॅप्टनचं फिडल कामाला आलं, कप काठाशी जाऊन थांबले. चहा मात्र कपात राहायला बांधलेला नव्हता. आई “अगं अगं” म्हणाली, ही दचकून ताठ बसली, तसं टेबल उलट्या बाजूला कललं आणि चटणी सीटच्या पाठीवर.

म्हणजे आमच्या टेबलाची पातळी हिच्या कमरेवर अवलंबून होती. जगातल्या कुठल्याही टेबलाला असा पाया मिळाला नसेल. पुढे नियमांत भर पडली, की मागे कुणी जेवत असताना पुढच्या व्यक्तीनं हालचाल करायची नाही. “एकोणीस वर्षं तेच करतेय,” ही म्हणाली.

ऑगस्टमध्ये वडखळ पुन्हा आलं. तीच रांग, बहुधा तोच ट्रक. गाडी पूर्ण थांबलेली, म्हणजे नियमात बसतंय. मी विजयानं मागे वळून म्हटलं, “उघडा!” मुलानं सराईतपणे टेबल उघडलं, कापड ओलं केलं. मागे वळून बघतो तर ताटली टेबलावर एकाचीही नाही. टेबलावर होते दोन मोबाइल, चार्जर, आईचा चष्मा, औषधांची डबी, मुलाचं भूमितीचं पुस्तक आणि कुणाचा तरी मोजा. दोघंही निवांत मांडीवर ताटली घेऊन जेवत होते. सपाट जागा रिकामी दिसली की घर तिथं येऊन बसतं, हे मला आमच्या भिंतीवरच्या टेबलावरून ठाऊक असायला हवं होतं. पण एक झालं. बाटली आता टेबलावर होती. डावा हात मोकळा झाला होता. त्या हातानं आईनं स्वतः लोणच्याची बरणी उघडली.

गणेशचतुर्थीच्या आदल्या रविवारी मूर्ती आणायला निघालो. आमची मूर्ती दरवर्षी पेणच्या अलीकडे हमरापूर-जोह्याच्या बाजूच्या कारखान्यातून येते. तिकडे गावच्या गावं गणपतीची, घराघरांत ओळीनं मूर्ती, अंगणात रंगाचे डबे, डोळ्यांची आखणी करणारा कारागीर श्वास रोखून बसलेला. शाडूची बारा इंची मूर्ती, हाताला चांगली जड. दरवर्षी ती आईच्या मांडीवर बसून येते. यंदा मी आधीच जाहीर केलं होतं की बाप्पा टेबलावर येणार. काठ आहे, ओलं कापड आहे, चालत्या गाडीचा नियम फक्त एवढ्यापुरता शिथिल.

मी टेबल उघडलं. मूर्ती ठेवून पाहिली. काठांच्या आत पाट बसावा तशी नेमकी बसली, चारही बाजूंनी सूत सूत जागा सोडून. माझा ऊर भरून आला.

“उचल,” आई म्हणाली.

“अगं, बघ ना किती छान...”

“सुनबाई जरा मागे टेकली तर देव माझ्या अंगावर. उचल आधी.”

मी मूर्ती उचलून उभा राहिलो. आईनं टेबलाच्या काठावरून हात फिरवला, बिजागरी चाचपली, मिस्त्रींनी मोकळी ठेवलेली सळई तिच्या बोटांना लागली. ती तिनं ओढली. फळी सुटून हातात आली. आईनं ती पदरानं पुसली, सीटवर नीट बसली आणि फळी आपल्या मांडीवर आडवी ठेवली.

“हा पाटच आहे की. आण आता.”

मूर्ती फळीवर ठेवली. रुमालानं बाप्पाचा चेहरा झाकला. आईचे दोन्ही हात काठाला धरलेले, ही पुढे हवी तशी पाठ टेकून बसलेली, मुलगा बिजागरीची सळई हातात घेऊन. पेणपासून पनवेलपर्यंत गाडी वीसच्या वर नेली नाही. मागचे हॉर्न वाजवत होते, रुमाल दिसला की गप्प बसत होते. कर्नाळ्याच्या वळणावर मिस्त्रींचा फोन आला. कुणाला तरी आमचं टेबल दाखवायचं होतं, म्हणून विचारत होते.

“साहब, कैसा चल रहा है?”

मी आरशात बघितलं. “बीसच्या स्पीडने,” म्हटलं.

गल्लीच्या तोंडाशी आलो. आरसे मिटले. आप्पा ओट्यावरून उठून उभे राहिले, आत डोकावून त्यांनी हात जोडले आणि मग आईच्या मांडीवरची फळी निरखून बघितली.

“आता बरोबर हाय,” म्हणाले.